माळ्यावरचा डबा आणि कडप्प्यावर अडलेला रोबो

मागच्या अंकात मिक्सरच्या कपलरबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बहुतेक व्हॅक्यूम क्लीनरची. दिवाळी तोंडावर आली की दर वर्षी हेच. माळे उघडतात, आतून एकेक यंत्र खाली उतरतं, आणि ते चालू झालं नाही की लोकांना माझी आठवण होते. नव्या वाचकांसाठी सांगते, नाशिकरोडला आमचं मोटर वाइंडिंगचं, म्हणजे मोटरमधली तांब्याची तार नव्याने गुंडाळून द्यायचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं. दहावीनंतरच्या सुट्टीत हाताखाली मदत म्हणून मी तिथे बसले, ती अजून उठलेले नाही.

ताई, १९९१ साली दारावर आलेल्या सेल्समनकडून आम्ही हप्त्यावर व्हॅक्यूम क्लीनर घेतला. लाल डबा, खाली चाकं, वर लिहिलंय १००० वॅट. अजून चालतो. आता मुलाने हातात धरायचं, बिनवायरीचं मशीन आणलंय, त्यावर ४०० वॅट आहे. तरी तेच जास्त ओढतं असं सूनबाई म्हणतात आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच दिसतं. हे कोडं काय आहे? जुना डबा भंगारात द्यावा का?
— निवृत्त शिक्षक, मिरज

सर, सूनबाईंचं बरोबर आहे, आणि डब्याचाही काही दोष नाही. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. काम किती करतं ते त्यावरून कळत नाही. बाबा म्हणायचे, गडी जेवतो किती ते ताटावरून कळेल, राबतो किती ते बघायला शेतावर जावं लागतं.

तुमच्या डब्यात मोटर आहे, तिच्या दांड्यावर पंखा आहे. पंखा हवा बाहेर ढकलतो म्हणून नळीतून हवा आत येते, धूळ घेऊन येते. ती हवा कापडी पिशवीतून गाळून जाते. गोम इथेच आहे. पिशवी अर्धीसुद्धा भरलेली नसते, पण बारीक धुळीने कापडाची भोकं बुजलेली असतात. गेल्या महिन्यात एक असाच डबा दुकानात आला. पिशवी उलटी केली तर आतून बोटभर जाड, राखाडी थर. सोलून काढावा लागला, जुन्या गोधडीचं अस्तर उसवावं तसा. मालकीणबाई म्हणत होत्या, "मोटर गेली." मोटरला काहीही झालं नव्हतं.

एक प्रयोग करा. मशीन चालू करून नळीच्या तोंडावर तळवा ठेवा. आवाज चढेल. लोकांना वाटतं मोटरवर लोड आला. खरं तर उलटं आहे. ढकलायला हवाच नाही, म्हणून पंखा मोकाट धावतो. पण मोटर थंड ठेवायचं कामही त्याच हवेचं असतं. तेव्हा असा चढा आवाज सारखा येत असेल तर आतलं वाइंडिंग भाजतंय असं समजा आणि आधी पिशवी झटका.

या बुजणाऱ्या पिशवीवर वैतागूनच जेम्स डायसन या इंग्रज माणसाने १९७० च्या दशकाच्या शेवटी पिशवी काढून टाकायचं डोक्यात घेतलं. लाकडाच्या कारखान्यात भुसा वेगळा करायला असतात तसे शंकू त्याने घरातल्या मशीनमध्ये बसवले. आपल्याकडे भाताच्या गिरणीवर पत्र्याचा मोठा शंकू दिसतो ना, तेच तत्त्व. हवा आत गरगर फिरते, धूळ भिंतीकडे फेकली जाते आणि घसरत खाली पडते. ५,१२७ नमुने बनवल्यावर त्याचं समाधान झालं. आमच्याकडे बाबांनी तिसऱ्या नमुन्यालाच मला बाहेर काढलं असतं.

दुसरा बदल मोटरचा, आणि तो माझ्या पोटावर पाय देणारा आहे, तरी कौतुक करते. तुमच्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे आहेत, फिरत्या भागाच्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासणारे. घासून घासून ते झिजतात, काळी पूड पडते, ठिणग्या उडतात. चालू मोटरच्या खिडकीतून आत बघून, ठिणगी बारीक आणि जागच्या जागी आहे की गोल रिंगण धरतेय, यावरून बाबा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, शॉर्ट आहे का सांगायचे. नव्या बऱ्याच बिनवायरी मशीनमध्ये कार्बनच नसतो. वीज कधी कुठल्या गुंडाळीत सोडायची ते सर्किट ठरवतं. तुमची मोटर मिनिटाला साधारण पंचवीस-तीस हजार फेरे घेते. २०१८ मध्ये आलेल्या डायसनच्या एका मोटरचे फेरे सव्वा लाखापर्यंत जातात. फेरे एवढे वाढले की पंखा लहान चालतो, मोटर मुठीत मावते. शिवाय लांब नळी नाही, त्यामुळे वाटेत ओढ वाया जात नाही. आणि तोंडाशी स्वतःच्या मोटरवर फिरणारा रोलर असतो, तो फरशीवरचा, सतरंजीतला केर खरवडून वर आणतो. सूनबाईंना जो फरक जाणवतो त्यातला मोठा वाटा या रोलरचा.

युरोपात तर जास्त वॅट विकायलाच बंदी आली. सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटच्या आत आणि सप्टेंबर २०१७ पासून ९०० च्या आत. त्याआधी २००० वॅटचा आकडा खोक्यावर मिरवायची फॅशन होती. बंदी आल्यावर तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत. कंपन्यांनी हवेची वाट सुधारली, झालं.

आता सेल्समनचं राहिलं. १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सची टाय लावलेली मुलं दारोदार युरोक्लीन दाखवत फिरायची, ती आमच्या चाळीतही आली होती. त्यातल्या एकाने नळीच्या तोंडावर पांढरा रुमाल धरून आजीच्या गादीवरून फिरवला आणि रुमालावरचा काळा गोल सगळ्यांना दाखवला. आजीने त्याला चहा दिला, मशीन घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीत उन्हात टाकून काठीने बडवून काढल्या. चार दिवस ती कुणाशी धड बोलत नव्हती. पुढे वाचलं की हा रुमालाचा खेळ या यंत्राइतकाच जुना आहे. लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं, त्याला वाटलं हे उलटं ओढून का घेत नाही, आणि त्याने खुर्चीच्या गादीला रुमालातून तोंड लावून श्वास ओढून बघितला. खोकला, पण रुमाल काळा झाला. १९०१ मध्ये त्याने मशीन केलं ते एवढं थोरलं की घोडागाडीवर रस्त्यात उभं असायचं आणि नळ्या खिडकीतून घरात न्यायच्या.

तुमचा डबा भंगारात देऊ नका. तपासायचं ते एवढंच. वायर कुठे तडकलीय का, नळीला घडीवर भोक आहे का (पाण्याच्या बादलीत बुडवून पिळा, बुडबुडा दाखवेल), आणि कार्बन अर्ध्याहून आखूड झालेत का. गाद्या, सोफा, खिडकीच्या जाळ्या यांना तो अजून दहा वर्षं पुरेल. आणि त्या पिढीच्या बऱ्याच डब्यांत नळी मागच्या भोकाला लावली की हवा बाहेर फुंकता येते, तुमच्यात बघा. कूलरच्या जाळीतला चोथा काढायला त्यासारखं दुसरं काही नाही. बहुतेक बिनवायरी मशीनना हे जमत नाही.

आमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये काळ्या कडप्प्याची पट्टी आहे. केर काढणारा नवा रोबो तिथवर येतो, थबकतो, मागे फिरतो. स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाही. सर्व्हिसवाला म्हणाला, मशीन ओके आहे. सासूबाई म्हणतात, सोवळं पाळतो.
— वाकड, पुणे

सासूबाईंना माझा नमस्कार. पण हा सोवळ्याचा नाही, भीतीचा मामला आहे.

रोबोच्या पोटाखाली कडेकडेने काही डोळे असतात. त्यांचं एकच काम, पुढे जिना आहे का बघायचं. हा डोळा आपल्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश खाली टाकतो. फरशीवरून तो परत आला तर जमीन आहे, नाही आला तर खड्डा आहे. काळा कडप्पा तो प्रकाश पिऊन टाकतो. म्हणजे रोबोच्या लेखी तुमच्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये आडवी विहीर खणलेली आहे, आणि तो शहाण्यासारखा काठावरून परत फिरतो.

खात्री करायची तर पट्टीवर पांढरे कागद चिकटवा आणि सोडा त्याला. बिनधास्त ओलांडला तर निदान पक्कं. मग दाराच्या मधल्या हातभर भागात फिक्या रंगाची, चमक नसलेली टेप फरशीला लावा. युट्यूबवर काही बहाद्दर रोबोच्या पोटाच्या डोळ्यांवरच टेप चिकटवायला सांगतात. घरात एक जरी पायरी असेल तर हे अजिबात करू नका. असा जिन्यावरून गडगडलेला एक माझ्याकडे येऊन गेला. वरचं झाकण एका पिशवीत, बाकीचा दुसऱ्या पिशवीत.

एरवी हे यंत्र फार सुधारलंय. २००१ मध्ये इलेक्ट्रोलक्सचा ट्रायलोबाइट आला, तो वटवाघळासारखा ध्वनिलहरी सोडून अंदाज घ्यायचा. २००२ मध्ये रूम्बा आला. त्याच्याजवळ नकाशा वगैरे नव्हता. आपटायचं, वळायचं, पुन्हा आपटायचं. सोफ्याखाली तीनदा, दाराजवळ एकदाही नाही. हल्लीच्या अनेक रोबोंच्या डोक्यावर छोटा बुरूज असतो, त्यात लेझर गरगर फिरतो आणि चहूबाजूंच्या भिंती किती लांब ते मोजतो. त्यावरून घराचा नकाशा तयार होतो, तो तुमच्या मोबाइलवर दिसतो, आणि शेतात बैल हाकावा तसा रोबो सरळ ओळींनी केर काढतो.

पण लेझर बघतो तो बुरुजाच्या उंचीवरून. जमिनीवरचा मोजा, चार्जरची वायर, लेकराचा पायजमा त्याला दिसत नाही. म्हणून महागड्या मशीनमध्ये पुढे कॅमेराही देतात. आणि आरसा हा लेझरचा जुना वैरी. पूर्ण उंचीच्या आरशाचं कपाट असेल तर नकाशात पलीकडे एक जास्तीची खोली उगवते. घाबरू नका, तुमच्या घरात भुताटकी नाही. मोबाइलवर त्या जागी भिंत आखा.

तसंच देवघरासमोर आणि उंबरठ्याशी 'इथे जायचं नाही' अशी चौकट आखून ठेवा. रांगोळीची पूड म्हणजे दगडाचंच पीठ. ते चाकाच्या बेअरिंगमध्ये गेलं की करकर सुरू. आणि बहुतेक रोबो साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच चढतात, जुन्या लाकडी उंबरठ्याला ते हात टेकतात.

एका मशीनवर ८,००० पास्कल लिहिलंय, दुसऱ्यावर २०,०००. किंमत जवळपास सारखी. डोळे मिटून दुसरं घ्यावं ना?
— नागपूर

डोळे उघडे ठेवा. पास्कल म्हणजे ओढीचा दाब, आणि तो मोजतात मशीनचं तोंड पूर्ण बंद करून. शहाळ्याची नळी दाताखाली दाबून ओढा. गाल आत जातील, ओढ भरपूर, पाणी मात्र शून्य. केर उचलायला ओढही लागते आणि वाहती हवाही लागते. या दोन्हींचा मिळून आकडा एअर वॅटमध्ये देतात. तो दिला असेल तर त्यावर ठरवा, दिला नसेल तर का दिला नाही ते विक्रेत्याला विचारा. आणि कुणी उद्या दोन लाख पास्कल सांगितले तर हसून बाहेर पडा. आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचा दाबच मुळी समुद्रकाठी सुमारे एक लाख एक हजार पास्कल आहे, पूर्ण निर्वात केलं तरी त्यापुढे ओढ जात नाही.

मुलाला दमा आहे. डॉक्टरांनी धूळ कमी ठेवा सांगितलं. झाडूने उडते म्हणून मशीन घ्यायचंय. पिशवीचं घ्यावं की बिनपिशवीचं, नुसत्या डब्याचं? हेपा फिल्टर म्हणजे नेमकं काय? आमच्याकडे चार महिने पाऊस, हेही लक्षात घ्या.
— चिपळूण

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट आधी सांगते. हातात धरून चालवायचं विजेचं व्हॅक्यूम क्लीनर ज्याच्यामुळे घराघरांत गेलं, तो जेम्स मरे स्पँगलर अमेरिकेत ओहायोमधल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने जीव घाबरा व्हायचा. त्याने पंख्याची मोटर, लाकडी दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून मशीन केलं, १९०८ मध्ये पेटंट मिळवलं, आणि ते हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. म्हणजे यंत्र जन्मलं तेच दम्यापोटी.

पण त्या अभ्र्यातून बारीक धूळ आरपार जायची, आणि दम्याला त्रास देते ती हीच. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणारा घडीघडीचा फिल्टर. खोक्यावर 'हेपासारखा' किंवा 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर ते सोनं नव्हे, सोन्याचा मुलामा. आणि नुसता फिल्टर चांगला असून भागत नाही. झाकणाच्या रबरातून, सांध्यातून हवा निसटत असेल तर दाराला कुलूप आणि खिडकी उघडी, तशातला प्रकार.

तुमच्या घरासाठी मी कागदी पिशवीचं मशीन सांगेन. पिशवी महाग पडते, दर वेळी मनाला लागते, पण ती तोंड बंद करून तशीच टाकता येते. डब्याचं मशीन रिकामं करताना एक ढग उठतोच, आणि तो ज्याच्या नाकासाठी एवढा खर्च केला त्याच्याच नाकात जायचा. मशीन चालू असताना मुलगा त्या खोलीत नको. गादीतल्या किड्यांसाठी नुसतं मशीन पुरत नाही. चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा.

पावसाचं महत्त्वाचं आहे. धुता येतो असं लिहिलेलाच फिल्टर धुवा. कोरड्या हवेत त्याला वाळायला एक दिवस लागतो, तुमच्याकडे जुलैमध्ये तीन दिवस धरा. ओलसर बसवला तर बुरशी धरते, खोलीभर कुबट वास मारतो, आणि दम्याच्या मुलाला तुम्ही आपल्या हाताने बुरशी पाजता. दोन फिल्टर ठेवा, आलटून पालटून वापरा.

बिनवायरी मशीन तीन वर्षांपूर्वी घेतलं. आधी चाळीस मिनिटं चालायचं, आता सहा. कंपनीचा माणूस म्हणतो, नवीनच घ्या, एक्सचेंज लावून देतो.
— छत्रपती संभाजीनगर

मलाही एकदा असंच सांगितलं होतं, दुकानासाठी घेतलेल्या मशीनबाबत, आणि सांगणाऱ्याला माहीत नव्हतं की समोरची बाई पेचकस घेऊनच जन्माला आली आहे. माझा राग बॅटरीवर नाही, बॅटरी म्हातारी होणारच. राग त्या पेटीवर, जी उघडायला एकही स्क्रू ठेवलेला नसतो. वरच्या मिरजच्या सरांचा १९९१ चा डबा असता तर मी स्टुलावर बसून वीस मिनिटांत उघडून परत दिला असता.

आधी बॅटरीला दोष देण्यापूर्वी रोलर बाहेर काढा. दोन्ही टोकांना केसांचे वेढे बसलेले असतील. रोलर जड फिरला की मोटर जास्त करंट मागते आणि चार्ज झपाट्याने उतरतो. ते कापून काढा, फिल्टर साफ करा आणि मशीन 'मॅक्स'वर नाही ना ते बघा. मॅक्सवर नवं मशीनसुद्धा आठ-दहा मिनिटांत मान टाकतं.

यानेही फरक पडला नाही तर बॅटरी. आत बहुधा सहा-सात लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक ३.६ व्होल्टचा. त्यातला एक कमजोर झाला की सगळी रांग त्याच्या चालीने चालते. बॅटरी बटण दाबून किंवा स्क्रू काढून निघत असेल तर कंपनीचीच नवी मागवा, पदरचे थोडे जास्त गेले तरी. रस्त्यावरचे स्वस्त पॅक नकोत, त्यात प्रत्येक सेलवर नजर ठेवणारं सर्किट धड असतंच असं नाही. मी स्वतः सेल बदलून देत नाही. हात चालतो, पण दिलेल्या रात्री झोप लागत नाही.

जुनी बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका, गाडीत चेपली गेली तर पेट घेते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा त्या एक्सचेंजवाल्यालाच ती घेऊन जायला सांगा.

मी ठाण्यात चार घरी केर-लादी करते. पत्र मुलगी लिहिते. एका घरी रोबो आणलाय. त्याचा डबा, केस, घाण पाणी सगळं मीच काढते. बाई म्हणतात, केर काढायचा नाही ना, मग पैसे कमी घे. आणि डबा रिकामा केला की मला शिंका सुरू होतात.
— ठाणे

ताई, पैशांचं गणित माझ्या सदरात बसत नाही, पण वेळेचं बसतं. घरच्या रोबोचं सगळं घड्याळ लावून केलं. डबा रिकामा, फिल्टर झटकला, रोलरचे केस कापले, पोटाचे डोळे पुसले, घाण पाण्याची टाकी धुतली, फडकं पिळलं, आणि त्याने सोडलेले कोपरे कुंच्याने काढले. सव्वीस मिनिटं. तेवढ्यात तुम्ही दोन खोल्यांचा केर काढून लादीला हात घातला असता. हे पान बाईंच्या टेबलावर उघडं ठेवायला माझी हरकत नाही.

शिंकांसाठी एक करा. डबा कचरापेटीवर उलटा करू नका. आधी जुन्या पिशवीत डब्याचं तोंड घाला, पिशवी मनगटाशी आवळून धरा, मग झाकण उघडा आणि मिनिटभर तसंच थांबा. धूळ खाली बसली की काढा. फिल्टर गॅलरीत झटका, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, तोंडाला मास्क लावून. ते मास्क बाईंनीच आणून द्यायला हवेत.

रोलरमध्ये बोटं घालू नका, टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना अडकलेल्या असतात. लांब केस आडवे ओढले तर आणखी घट्ट बसतात. रोलरवर लांबीच्या दिशेने बहुधा एक खाच असते, तिच्यातून कात्री चालवली की वेढे आपोआप सुटे होतात. कात्री त्या कामाला वेगळी मागा, कोथिंबिरीची नको.